तळवे वाचणारी मांडणी

मित्रांनो, डॉक्टर असो, वकील असो, नाहीतर देवळाचा ट्रस्टी असो, माझ्यापुढे येऊन वाकला नाही असा माणूस या घरात अजून आलेला नाही. मी एक जुनी मांडणी आहे. भांड्यांची नव्हे, चपला-बुटांची. लंडनजवळच्या वॉटफर्डमधल्या एका घरात, दारातून आत शिरलं की डाव्या हाताला, भिंतीला पाठ लावून मी पन्नास वर्षं उभी आहे. मला तीन फळ्या आहेत. वर बसायला जाड पाट आहे, पाटाखाली एक खण आहे आणि कुशीला एक वेताची टोपली टांगलेली आहे.

मला अक्षर वाचता येत नाही. तळवे मात्र वाचता येतात.

पन्नास वर्षांत मी पायपुसण्याच्या पलीकडे गेलेले नाही. दार उघडलं की समोरच्या घराचं निळं दार दिसतं आणि दार लागलं की तेही दिसत नाही. पण सगळं जग स्वतःहून चालत माझ्याकडे येतं. ऑक्टोबरात तळव्यांना पानांचा लगदा चिकटून येतो. जानेवारीत बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर टाकलेलं खारं ग्रिट येतं. एप्रिलमध्ये कुणाच्या तरी टाचेला चेरीची पाकळी असते. एकदा एका लहान बुटातून मूठभर वाळू माझ्या फळीवर सांडली. ओली, खारट, आत एक नखाएवढा शिंपला. समुद्र मी पाहिलेला नाही, मित्रांनो. पण त्या दिवशी माझी खात्री पटली, की जगाला कुठेतरी कड आहे आणि तिथे पाणी आहे. आणि वीतभर पाऊल तिथवर जाऊन संध्याकाळी घरी परत येतं! मी थक्क होते. अजूनही होते.

लोक म्हणतात, पायातली वहाण पायातच बरी. म्हणू देत. म्हण करणाऱ्यानं वहाणेला कधी विचारलं होतं का, की बाई, आज कुठं कुठं जाऊन आलीस?

मला शशीनं बनवलं. शशी इथल्या एका छापखान्यात कागदाची मोठाली रिळं उतरवायचा. रिळं लाकडी पेट्यांतून यायची. त्या वर्षी फेब्रुवारीत त्याची बायको इरावती कोरेगावाजवळच्या खेड्यातून इथं आली. अंगात लग्नातलं स्वेटर, पायात अंगठ्याची चप्पल आणि बाहेर घोट्याएवढं बर्फ. घरात पाऊल टाकल्या टाकल्या तिनं पहिला प्रश्न विचारला.

"अहो, बूट कुठं सोडायचे?"

"इथं सगळे घालूनच घरात हिंडतात गं."

"हिंडू देत. माझ्या घरात नाही हिंडायचं."

झालं. शशीनं तीन आठवडे रोज एक-दोन फळ्या खांद्यावरून घरी आणल्या, मागच्या अंगणात करवत चालवली, आणि मी उभी राहिले. उभी राहिल्यावर त्याच्या लक्षात आलं, की पेटीवर छापलेलं 'धिस साइड अप' माझ्या कुशीवर उलटं आलंय. तो हसत हसत खालीच बसला. "अगं, हिचं डोकं खाली आणि पाय वर झाले की!"

"मग बरोबरच आहे," इरावती म्हणाली. "पायांसाठीच तर केलीय."

तेव्हापासून माझ्यावर तिचं राज्य सुरू झालं. चिखलाचं ते खालच्या फळीवर, रोजचं मधल्या फळीवर, सणासुदीचं वर. चवडे भिंतीकडे, टाचा बाहेर. भिजलेल्या कातडी बुटात जुन्या पेपरचे बोळे कोंबायचे आणि रेडिएटरपासून चार हात लांब ठेवायचे. "रेडिएटरवर कातडं ठेवणारा आणि गॅसवर दूध ठेवून झोपणारा, दोघं एकाच आईचे," असं ती म्हणायची. आज घातलेला जोड उद्या घालायचा नाही, त्यालाही वारा लागू द्यायचा. रविवारी सकाळी माझ्या खणातून पॉलिशची डबी, ब्रश आणि शशीच्या जुन्या बनियनचं फडकं निघायचं. त्या वासानं मला अजून सकाळ झाल्यासारखं वाटतं.

मोज्यांचं शास्त्र तर तिचं एकटीचं. धुण्यात मोजे हरवतात हे या देशात सगळ्यांना मान्य आहे. इरावतीला ते कधी मान्य झालं नाही. तिनं घरातल्या प्रत्येकाला एक रंग दिला. शशीला हिरवा, मुलगा राजीव झाला तेव्हा त्याला लाल, स्वतःला जांभळा. पुढे सून मीनल आली तिला केशरी आणि नात दिया जन्मली तिला पिवळा. नवा मोजा घरात आला, की ती चवड्याच्या आतल्या बाजूनं त्या रंगाच्या दोऱ्याचा टाका घालायची आणि वर गाठ मारायची. आतूनच. "बाहेरून टाका दिसला तर लोक म्हणतील, इरावतीच्या घरात ठिगळं घालतात." मोजा उलटला की रंग दिसायचा, रंगाला रंग जुळायचा, जोडी लागायची. एकटा उरलेला मोजा माझ्या टोपलीत जायचा. "जोडीदार येईस्तोवर बस इथं गुमान," असं त्याला सांगितलं जायचं.

घरी गणपती बसायचा तेव्हा माझं वैभव पाहावं. साठ-साठ जोड! काळे, तपकिरी, चमकीच्या सँडल, पोरांचे खेळायचे ट्रेनर्स. इरावती दारात उभी राहून प्रत्येक जोडाला कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा लावायची, म्हणजे डावा उजव्याला सोडून जाणार नाही. या घरातून आजवर कुणी दुसऱ्याचा बूट घालून गेलेलं नाही. स्लाऊपासून नॉटिंगहॅमपर्यंतच्या मराठी बायका हे सांगायच्या, आणि इरावती मोदकाची उकड मळता मळता ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

तिचे स्वतःचे बूट मी सव्वीस वर्षं वाचले. ती शाळेच्या किचनमध्ये काम करायची. टाच नेहमी बाहेरच्या कडेला झिजलेली, चवड्यावर कस्टर्डचा थेंब, शिवणीत मटारचं सालपट. दिवसाचे सहा तास उभं राहून तीनशे मुलांना वाढायचं आणि घरी येऊन पुन्हा ओट्यापुढं उभं राहायचं. देवाच्या पायांवर लोक डोकं ठेवतात, मी पाहिलेलं नाही. मी हे दोन पाय पाहिले.

शशी जाऊन अकरा वर्षं झाली. त्याचे तपकिरी बूट वरच्या फळीवर राहिले. माणूस गेला तरी बुटात त्याच्या पायाचा आकार राहतो, करंगळीपाशी फुगवटा, टाचेपाशी खळगा. इरावती दर रविवारी त्यांना पॉलिश करायची. एकदाही चुकली नाही.

आणि मग, मित्रांनो, माझे दिवस फिरले. मीनलनं एक पांढरं, चकचकीत, झाकणाचं कपाट आणून समोरच्या भिंतीला लावलं. त्यात फक्त सडपातळ बूट मावत. राजीवचे ट्रेनर्स अडकले की झाकण लागायचं नाही, म्हणून ते जिन्याखाली पडून राहायचे. मीनल फार्मसीत दिवसभर उभी असते, घरी येते तेव्हा दमलेली असते, मला तिचा राग नाही. पण एकदा ती म्हणाली, "आई, ही मांडणी आता टिपवर, कचरा डेपोत, नेऊ या का? फार जुनाट दिसते."

इरावतीनं चहाचा कप खाली ठेवला. "जुनाट तर मीही दिसते. गाडीत जागा असली तर दोघींना एकदमच नेऊन सोड."

पुन्हा तो विषय निघाला नाही. पण माझ्यावर धूळ बसू लागली. इरावती, शशीचे बूट आणि मी, एवढेच आम्ही उरलो.

आता खरं सांगते. इरावतीला साखरेचा आजार आहे. आधी तिच्या तळव्यांना मुंग्या यायच्या. मग एक दिवस ती माझ्या पाटावर बसून स्वतःशीच पुटपुटली, "कापसावर चालल्यासारखं वाटतंय." त्यानंतर तीही तक्रार बंद झाली. मला वाटलं, बरं वाटलं असेल. वर्षातून एकदा डॉक्टरांच्या दवाखान्यात नर्स डोळे मिटायला सांगून नायलॉनच्या दोऱ्यानं तळव्याला टोचून बघते, लागलं की 'येस' म्हणायचं. तिथून आली की इरावती दारातूनच ओरडायची, "पैकीच्या पैकी!"

पण एका दुपारी तिनं डावा बूट काढला, आणि त्यातून दियाचा केसांचा चिमटा खाली पडला. लोखंडी, दातेरी. दुकानापर्यंत जाऊन येईस्तोवर तो तिच्या पायाखाली होता. तिनं तो उचलला, इकडंतिकडं बघितलं आणि खणात टाकला. माझं लाकूड थंड पडलं. जे पाय मला सगळं सांगायचे, ते तिला काहीच सांगत नव्हते.

मार्चमध्ये तिच्या पांढऱ्या मोज्यावर डाग दिसला. अंगठ्याखाली, पेनीएवढा, लाल. तिनं जिन्याकडे पाहिलं. मग मोज्याचा बोळा करून माझ्या टोपलीत खाली दडपला. दुसऱ्या दिवशी दुसरा. तिसऱ्या दिवशीच्या मोज्याला हळदीचा वास होता. तीन रक्ताचे मोजे माझ्या कुशीत, आणि मला तोंड नाही.

रविवारी दिया खाली आली. अठरा वर्षांची पोरगी, सप्टेंबरात नॉटिंगहॅमच्या युनिव्हर्सिटीत जायची तिची तयारी चाललेली. "आजी, माझा यलो थ्रेडवाला मोजा बघितलास?" म्हणत तिनं टोपलीत हात घातला, आणि हाताला कडक झालेला मोजा लागला.

"हे काय आहे? हळद?"

"भाजीची असेल."

"मोज्यात भाजी?"

"तू तुझा मोजा शोध."

"आजी, पाय दाखव."

"मोठी डॉक्टरीण लागून गेलीस. आईला हाक मारलीस तर बघ."

"पाय दाखव, आजी."

तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, इरावती पाटावर बसली. डाव्या अंगठ्याखाली एक भोक होतं. कडा पांढऱ्या, आत ओलं. दियाचा श्वास मला ऐकू आला.

"हे दुखत नाही?"

"इरावतीला काही दुखत नाही."

दियानं खुंटीवरचा स्कार्फ घेतला आणि आजीच्या डोळ्यांवर बांधला. मग माझा खण उघडून पॉलिशच्या ब्रशचा एक जाड केस उपटला. "मी टच केला की हो म्हण."

"हो," इरावती म्हणाली. दियाचा हात हवेत होता.

"हो." हात अजून हवेतच.

मग दियानं टाचेला केस टेकवला, तो वाकेपर्यंत दाबला. मग चवड्याला. मग करंगळीला. इरावती ताठ बसून होती, शाळेच्या फोटोत बसावं तशी.

"हो," ती मध्येच म्हणाली. "झालं ना? पैकीच्या पैकी?"

दिया रडत होती. "आजी, मी तीनदा टच केला. तेव्हा तू काहीच नाही बोललीस."

मग स्कार्फ न काढताच इरावती म्हणाली, "तिथं मी डोळे किलकिले ठेवायचे. नर्सचा हात दिसायचा."

त्याच दिवशी तिला हॉस्पिटलात नेलं. आठ दिवस माझ्या मधल्या फळीवर तिची जागा रिकामी होती. ती परत आली तेव्हा डाव्या पायाला पट्ट्या आणि पट्ट्यांवर खोक्यासारखा मोठा निळा बूट होता. राजीव माझ्याशेजारी उभा राहून मीनलला हळूच सांगत होता, "जखम भरली नाही तर अंगठा काढावा लागेल म्हणाले. आणि अंगठ्यावरच थांबेल असंही नाही. पाऊल जाऊ शकतं."

आतून आवाज आला, "काढायला तो काय कोटाचं बटण आहे?"

"आई, तू ऐकू नकोस."

"माझा अंगठा, मी नाही ऐकायचं तर कोण ऐकणार? राजीव, नीट ध्यानात ठेव. सप्टेंबरात दियाला सोडायला मी येणार. माझ्या पायांनी. तिची खोली माडीवर असली तर माडी चढून."

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात ना, त्यातली ही बाई. पण त्या दिवसापासून या घरात एकच मोजदाद चालू झाली. सप्टेंबर किती लांब आहे, आणि जखम किती उरली आहे.

आठवड्यातून दोनदा पायांची नर्स घरी यायची. तिचं नाव मिल्का. पहिल्या दिवशी तिनं दारात आपल्या बुटांवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या. इरावती दियाला मराठीत म्हणाली, "पिशवी घातली म्हणून आतला बूट काय देवाघरचा झाला?"

मिल्का हसली. "आजी, बूट काढले तर माझी मॅनेजर ओरडेल," ती म्हणाली, मराठीत! "आणि नाही काढले तर माझी आजी वरून ओरडेल. मी काय करू?"

इरावतीचं तोंड उघडं ते उघडंच. मिल्काची आजी मुंबईची होती, ज्यू घरातली, आणि लंडनला आल्यावरही शेवटपर्यंत मराठीत रागवायची. "माझं मराठी मोडकं आहे. फक्त ओरडा नीट कळतो," मिल्का म्हणाली.

"मग इथं तुझं छान जमेल," इरावती म्हणाली. "चहात साखर किती?"

मे महिन्यात जखम भरली. निळा खोका गेला. मऊ, रुंद, नवे बूट आले आणि इरावतीनं ते स्वतः माझ्या मधल्या फळीवर ठेवले. टाचा बाहेर. घरात पेढे वाटले गेले, मीनलनं तिला अर्धाच दिला.

जूनमध्ये जखम पुन्हा उघडली. त्याच जागी.

मित्रांनो, तो महिना मी विसरणार नाही. राजीवनं माझ्या प्रत्येक फळीवरून बोटं फिरवली, कुठं खिळा वर आलाय का बघायला. "या मांडणीतलंच काहीतरी बुटात जात असणार. हिला घालवाच आता." मीनलनं नव्या बुटाचं अस्तर कात्रीनं उसवून पाहिलं. काही नव्हतं. मी जन्मभर ज्या पायांची राखण केली, त्यांना मीच टोचले असेन का, या विचारानं मी झुरत होते. इरावती बोलेनाशी झाली. तिचं न बोलणं या घरानं कधी ऐकलं नव्हतं.

मिल्का माझ्या पाटाशेजारी स्टूल ओढून बसली होती. "आजी, पट्टी असते तेव्हा हे भरतं. बूट घातला की उघडतं. बूट चांगले आहेत. मग पायाच्या आणि बुटाच्या मध्ये काय आहे?"

"मोजे," दिया म्हणाली.

"मोज्यांचं नाव काढायचं नाही!" कित्येक दिवसांनी इरावतीचा आवाज चढला. "माझ्या मोज्यात धुळीचा कण सापडायचा नाही. आण गं दिया, दाखव तिला."

दियानं घडी घातलेली जोडी आणली. मिल्कानं मोज्यात हात घातला, बोटं शेवटपर्यंत नेली, आणि थांबली. मग तिनं मोजा उलटला. चवड्याच्या जागी, बरोबर अंगठ्याखाली, जांभळ्या दोऱ्याची गाठ होती. मिऱ्याएवढी. दोरा चौपदरी. इरावतीची नजर अधू झाल्यापासून ती स्वतःच्या मोज्याची गाठ जाड मारायची, म्हणजे रंग दिसला नाही तरी बोटांना कळेल.

"ही काय आहे?" मिल्कानं विचारलं.

दिया म्हणाली, "आजीची खूण."

इरावतीनं मोजा हातात घेतला. अंगठा आणि तर्जनीमध्ये ती गाठ धरून फिरवली. "हाताला लगेच कळते," ती म्हणाली. मग खूप हळू, "पायाला नाही कळली." आणि त्याहून हळू, "माझ्याच हातची."

पन्नास वर्षांत मी तिला रडताना दोनदा पाहिलं. एकदा शशी गेला तेव्हा. दुसऱ्यांदा आत्ता.

डोळे पुसून ती म्हणाली, "दिया, कात्री आण. सगळ्यांचे मोजे आण."

त्या दुपारी ती माझ्या पाटावर बसून घरातली एकूण एक गाठ कापत होती. लाल, केशरी, पिवळी, जांभळी. टोपलीच्या तळाशी शशीचा एक जुना एकटा मोजा सापडला, त्याची हिरवीसुद्धा. दिया शेजारी बसून नवे टाके घालत होती. बाहेरून, मोज्याच्या वरच्या काठावर, सगळ्या जगाला दिसतील असे.

"लोक म्हणतील ठिगळं घालतात," इरावती म्हणाली.

"म्हणू देत."

"माझीच भाषा मला ऐकवतेस?"

जाता जाता मिल्कानं आणखी एक गोष्ट सांगितली. घरातसुद्धा अनवाणी फिरायचं नाही. यावर मात्र इरावती अडून बसली. देवापुढं बूट? स्वयंपाकघरात बूट? पण दोन दिवसांनी तिनं स्वतःच मीनलला सांगून घरात घालायचे मऊ बूट मागवले, उंबऱ्याबाहेर कधीच न जाणारे. ते कुठं ठेवायचे? खाली चिखल, मध्ये बाहेरचे. त्यांना वरचीच फळी हवी.

ती वरच्या फळीपुढं उभी राहिली. शशीचे तपकिरी बूट तिनं दोन्ही हातांनी उचलले, पदरानं पुसले. "अहो, जरा सरका. एक फळी खाली बसा. मला अजून चालायचंय," ती म्हणाली, आणि त्यांना मधल्या फळीवर, आपल्या बाहेरच्या बुटांशेजारी ठेवलं.

ऑगस्ट संपता संपता मिल्कानं अंगठ्यावर बोट टेकवलं आणि म्हणाली, "बंद." एकच शब्द. इरावतीनं तिला पेढा भरवला, अख्खा.

सप्टेंबरातल्या त्या शनिवारी सकाळी दाराशी बॅगा, उशा आणि एक कुकर उभा होता. इरावती माझ्या पाटावर येऊन बसली. दियानं तिच्या पायात मोजे चढवले, शिवण बाहेर येईल असे उलटे.

"उलटे मोजे घालून युनिव्हर्सिटीत जाऊ? तुझ्या मैत्रिणी काय म्हणतील?"

"आजी, माझ्या मैत्रिणी दोन रंगाचे घालतात."

"त्यांच्या आयांना विचारायला हवं."

दियानं बूट उचलला, उलटा करून झटकला, आत हात घालून पार टोकापर्यंत बोटं फिरवली. मग घातला. दार उघडलं, समोरचं निळं दार दिसलं, दार लागलं. मी दिवसभर थांबले. थांबण्याची मला सवय आहे, पण तो दिवस वेगळा होता.

संध्याकाळी दार उघडलं. इरावती आली, स्वतःच्या पायांनी, राजीवचा हात झिडकारत. बूट निघाले, मधल्या फळीवर आले, आणि मी वाचायला लागले. टाचेला ताजं कापलेलं गवत. शिवणीत लाल विटेची भुकटी. आणि चवड्यावर निळ्या गालिच्याचे धागे, जिना चढताना चवडा घासतो तिथेच.

"तीन मजले!" इरावतीनं हॉलवेतूनच सगळ्या घराला सांगितलं.

"लिफ्ट होती, आई," मीनल म्हणाली.

"लिफ्टनं काय, कुणीही जातं."

तिनं मोजे काढले, पाय पुढं घेतला आणि थबकली. रोज तिचे तळवे बघायचं काम दियाचं होतं. इरावतीला स्वतःला वाकून तळवा दिसत नाही, आणि दिया आज शंभर मैलांवर होती. कुणाला काही मागायची या बाईला सवय नाही. ती नुसती बसून राहिली, पाय हातात धरून.

मीनलनं पर्स पांढऱ्या कपाटावर ठेवली. ती खाली बसली, गुडघे टेकले, फोनचा दिवा लावला आणि सासूचा पाय मांडीवर घेतला. एकेक बोट वेगळं करून पाहिलं. टाच, चवडा, अंगठ्याखालची नवी गुलाबी कातडी.

इरावती वरून बघत होती. "काय गं, नमस्कार करतेस की काय?"

"नाही हो, चेक करतेय."

"तेच ते," इरावती म्हणाली, आणि दुसरा पाय पुढे केला.

मित्रांनो, सुरुवातीला मी तोऱ्यात सांगितलं, की माझ्यापुढं सगळे वाकतात. आपापल्या बुटाच्या नाडीसाठी वाकतात, ते मी पन्नास वर्षं पाहिलं. पण दुसऱ्याच्या तळव्यासाठी कुणी गुडघे टेकलेलं पाहिलं, आणि समुद्राच्या वाळूनंसुद्धा मी एवढी थक्क झाले नव्हते. तुम्हीही पाय घालायच्या आधी बुटात हात घाला. मोजा उलटून आत काय आहे ते बघा. भिजलेल्या बुटाला पेपर द्या, रेडिएटर देऊ नका. आणि घरातलं म्हातारं माणूस 'मला काही दुखत नाही' असं म्हणालं, तर त्याला पाटावर बसवा आणि म्हणा, पाय दाखव.

मला अजून टिपवर नेलेलं नाही. परवा मीनलनं आपले कामाचे काळे बूट पांढऱ्या कपाटातून काढले आणि माझ्या मधल्या फळीवर ठेवले. टाचा बाहेर. मी त्यांचे तळवे वाचले. बाहेरच्या कडेला झिजलेत.